बापू नाकेदारांची काडतुसं

इंदिरानगरात आम्ही रो-हाऊस घेतलं, तेव्हा आमचं सामान घरात जायच्या आधी एका परक्या माणसानं तपासलं. टेम्पो गल्लीत शिरतोय न शिरतोय तोच पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं लावलेला एक उंच म्हातारा आडवा आला. ड्रायव्हरला म्हणाला, "फाळकं पाड." ड्रायव्हरनं मुकाट्यानं पाडलं, कारण आवाजच तसा होता. मग ह्या गृहस्थानं एकेका खोक्यावर बोटानं टकटक करायला सुरुवात केली. "ह्यात कपबशा. ह्यात पुस्तकं, त्यातली निम्मी रद्दी. आणि हे? हे कुणी ठेवलं असं? लोणच्याची बरणी कललीय आत."

बरणी खरंच कलली होती आणि तिच्याखाली माझा लग्नातला शालू होता. मी नवऱ्याला हळूच विचारलं, "कोण हो हे?" तो म्हणाला, "सोसायटीचे चेअरमन दिसतायत." चेअरमन कसले आलेत! शेजारी होते. बापू खैरनार. सगळी कॉलनी त्यांना पाठीमागे बापू नाकेदार म्हणायची, आणि माझ्यासारखे काही जण तोंडावरसुद्धा.

आग्रा रोडवरच्या एका जकात नाक्यावर माणसाचा उभा जन्म गेला होता. लाच खायचे नाहीत, हे कबूल करायलाच हवं. पण लाच खाणारा माणूस निदान लवकर सोडतो. बापू सोडायचे नाहीत. लग्नाच्या बस्त्याची बोचकी उघडायचे, आंब्याच्या पेट्या तळापर्यंत उपसायचे, एकदा म्हणे एका वैदूची झोळी उलटी करून त्यातल्या मुळ्या मोजल्या होत्या. "माणूस खोटं बोलतो, माल खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कुणाला तरी ऐकवायचेच, भाजीवालीलासुद्धा.

निवृत्त झाल्यावर नाका सुटला, पण खोड सुटली नाही. पोस्टमन आला की आधी पाकीट बापूंच्या हातात, मग ज्याचं त्याला. मी सातपूरहून कंपनीच्या बसनं उतरले की पिशवीकडे बघून म्हणायचे, "आज मेथी. दोन जुड्या. एक शिळी आहे." स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर ह्या माणसानं कहर केला. वऱ्हाडाची बस मांडवाशी थांबली आणि बापू डिकीपाशी जाऊन उभे. व्याही भडकले, "अहो, आम्ही वऱ्हाड आहोत, मालट्रक नाही!" विहिणीच्या पाया पडून इंदूकाकींनी ते लग्न कसंबसं पार पाडलं. इंदूकाकी म्हणजे बापूंची बायको. अंगानं बारीक, गुडघ्यांनी अधू आणि बोलायला कमी. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला की सटाण्याकडच्या माहेरच्या अहिराणीवर यायच्या. त्यांची अहिराणी ऐकू आली की बापू पेपर तोंडासमोर धरायचे.

तर अशा ह्या झडतीबहाद्दर माणसाच्या स्वतःच्या घरात काय होतं? काडतुसं. शोकेसभर!

बापूंच्या वडिलांची एक जुनी बाराबोर बंदूक होती. तिचं लायसन्स बापूंच्या नावावर रीतसर करून घेतलेलं होतं. त्या लायसन्सवर मोजकी काडतुसं ठेवायची परवानगी. बापूंकडे मात्र लाल, हिरवी, निळी, पितळी बुडाची, जाड, बारीक अशी रांगच्या रांग मांडलेली, वर स्टीलचे पेले आणि खाली काडतुसं. ही जमवली कशी, ते ऐका. सकाळी पेपर आला की बापू आधी निधनवार्ता वाचायचे. जिल्ह्यात कुठं एखादा जुना पाटील, एखादा हौशी शिकारी गेला की दहाव्याच्या आत हे सांत्वनाला हजर. पाच मिनिटं "फार वाईट झालं" आणि सहाव्या मिनिटाला, "वहिनी, त्यांची काडतुसं काय केलीत?" बिचारी विधवा आधीच त्या वस्तूंना घाबरलेली, ती डबा काढून द्यायची. एकदा निफाडकडच्या एका घरी गेले तर म्हातारा जिवंत निघाला, नाव सारखं होतं एवढंच. बापूंनी चहा घेतला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि परत यायला निघताना म्हणाले, "असू द्या. येईन पुन्हा."

ह्या मालाची नोंद कुठंच नव्हती. नाक्यावर कुणी असा माल घेऊन आला असता तर बापूंनी त्याला उभा सोलला असता. पण आपला तो संग्रह!

खंडेनवमीला ह्या संग्रहाची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर केळीचं पान, पानावर काडतुसं ओळीनं मांडलेली. मग दूध, दही, तूप, मध, साखर, असा यथासांग पंचामृताचा अभिषेक. वर गंगेचं पाणी, म्हणजे रामकुंडावरून बाटलीत आणलेलं. मग हळद, कुंकू, झेंडू. दरवर्षी, न चुकता. आणि ताम्हणात जमलेलं ते पाणी बापू तीर्थ म्हणून सगळ्या गल्लीला वाटायचे. "घ्या, शूरांचं तीर्थ आहे." बाई गं, शिशाचं आणि दारूचं ते तीर्थ आम्ही वर्षानुवर्षं प्यालो आणि वर हात डोक्याला पुसले.

ह्या भक्तीचं फळ काय मिळालं ते बिबट्या आला तेव्हा कळलं. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. पलीकडच्या मळ्यातून बिबट्या कॉलनीत शिरलाय, अशी सकाळी दूधवाल्यानं आवई उठवली. सगळे गच्च्यांवर. समोरच्या अर्धवट बांधकामात वाळूच्या ढिगावर काहीतरी पिवळट पहुडलेलं दिसत होतं. बापू बंदूक घेऊन वर आले. आम्हा बायकांना म्हणाले, "कान झाका." आम्ही झाकले. बापूंनी नेम धरला, डोळा मिटला, घोडा ओढला आणि खट् झालं. दुसरं काडतूस भरलं, पुन्हा खट्. तिसऱ्याला मात्र फुस्स असा आवाज आला आणि नळीतून थोडा पिवळा धूर निघाला, हळदीचा असावा. वाळूवरचं जनावर उठलं, त्यानं जांभई दिली आणि ते निघून गेलं. काही म्हणतात बिबट्या होता, काही म्हणतात कुत्रं होतं. मला विचाराल तर शेपूट कुत्र्याचं होतं.

बापू शांतपणे म्हणाले, "वन्यप्राणी मारायला कायद्यानं बंदी आहे. मी फक्त इशारा दिला."

खालून काकींचा आवाज आला, "दूध-दही पाजी पाजीसन मारी टाक्यात त्या गोया!" दूध-दह्यानं गोळ्या मारल्या, हे तेवढं बापूंनी न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या खंडेनवमीला अभिषेक पुन्हा साग्रसंगीत झाला.

असं हे छान चाललं होतं, तोवर ग्वाल्हेरचं निघालं. त्यांचा मुलगा शरद तिकडे एका कारखान्यात नोकरीला. सूनबाईंना दिवस गेले होते. त्याआधी दोनदा राहून पडलं होतं, म्हणून डॉक्टरांनी ह्या वेळी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलेलं. पोरीला आई नाही. शरदचा दर आठवड्याला फोन, "आई, तुम्ही दोघं कायमचे इकडेच या. ती एकटी रडत बसते." काकींचा जीव तिकडे लागलेला. दुपटी शिवून झाली, डिंकाचे लाडू झाले, खारीक कुटून झाली, पण बापू हलायला तयार नाहीत. आधी म्हणाले, पावसाळा होऊ दे. मग म्हणाले, दसरा होऊ दे. खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शोकेस कशी न्यायची?

सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं आधीच सांगितलं, "काका, सिलिंडर, ॲसिड, फटाके, हत्यार काही नेत नाही आम्ही." रेल्वेत तर प्रश्नच नाही. त्यात निवडणुका लागल्या. बंदूक नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली, सोबत लायसन्सवरची मोजकी काडतुसं. ती पुढं रीतसर बदली करून मागवायची असं ठरलं. राहिला तो बिननोंदीचा माल.

माझ्या नवऱ्यानं सरळ सल्ला दिला, "बापू, ठाण्यात जाऊन सांगा, म्हाताऱ्या माणसांची जुनी काडतुसं आहेत, जमा करून घ्या. कुणी फाशी देणार नाही तुम्हाला."

बापू ताठ झाले. "आयुष्यभर मी लोकांचा माल जमा केला. आता माझा माल दुसऱ्यानं जमा करायचा?"

त्या दिवशी काकींचा बांध फुटला. मी तिथंच होते. त्या म्हणाल्या, "तिला आई नही. तिना उशाशी कोन बसी? तुमन्या गोया बसतीन का?" आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मला इतका राग आला त्या माणसाचा! वाटलं, ती शोकेस उचलावी आणि गटारात रिकामी करावी. केली नाही, कारण गटारात स्फोट झाला असता तर माझंच घर शेजारी होतं.

शेवटी काकींनीच भाड्याची जीप ठरवली. माझं माहेर शिरपूरचं, त्यामुळं त्यांना सोबत म्हणून शिरपूरपर्यंत मी जायचं ठरलं. सामान ट्रकनं पुढं गेलं होतं. निघायच्या सकाळी बघते तर शोकेस रिकामी आणि बापूंच्या चेहऱ्यावर तेज! मी देवाची पेटी जीपमध्ये ठेवायला उचलली आणि कंबरेत कळ आली. एरवी ती सागवानी पेटी मी एका हातानं उचलली असती. आत तीन टाक आणि एक बाळकृष्ण, दुसरं काय असणार?

"काकी, देव एवढे जड कसे झाले?"

काकींनी माझ्याकडे बघितलं, मग बापूंकडे. बापू माझ्या कानाशी आले. "तीस वर्षांत मी देवाची पेटी कधी उघडली नाही. सगळं उघडलं, ही नाही. कुणीच उघडत नाही. वर देव, खाली पंच्यात माल. कळलं?" आणि असे हसले की जसा काही किल्लाच जिंकला.

मला वाटलं, काकी आता अहिराणीवर येणार. त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, "मंदे, बस गाडीत. आज निघालो नाही तर हे कधीच निघणार नाहीत." पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

चांदवडचा घाट गेला, मालेगाव आलं. सायकली, रिक्षा आणि सुताच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या ह्यांतून जीप मुंगीच्या पावलांनी चाललेली, आणि दर चौकात पोलीस दिसला की मी माझा पदर पेटीवर ओढायची. काकींचे ओठ पुटपुटत होते, सप्तशृंगीचं नाव असावं. बापू मात्र पुढच्या सीटवर खुशीत. "हा ट्रक बघ, कांदा सांगतोय पण मागचं चाक बसलंय. खाली लोखंड आहे." ड्रायव्हर हो हो करत होता. धुळं मागं पडलं तेव्हा मी जरा श्वास सोडला. आता सोनगीर, नरडाणा आणि मग माझं शिरपूर.

सोनगीरच्या पुढं निवडणुकीची नाकाबंदी लागली होती. रस्त्यात बॅरिकेड, कडुनिंबाखाली टेबल, एक पोरसवदा हवालदार घामानं भिजलेला. त्यानं जीपमध्ये डोकावलं, मागच्या बॅगा वरवर दाबल्या आणि काकींच्या मांडीकडे बोट केलं. "काय आहे, आजी?"

काकींच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "देव आहेत, भाऊ."

हवालदारानं टोपी काढली, पेटीला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "जाऊ द्या रे."

ड्रायव्हरनं गियर टाकला. सुटलो! खरंच सुटलो होतो आम्ही. आणि बापू म्हणाले, "थांब."

जीप थांबली. बापू खाली उतरले. "काय रे, ह्याला चेकिंग म्हणतात? बंद पेटी, कुलूप लावलेली, बाईमाणसाच्या मांडीवर, आणि तू नमस्कार करून सोडतोस?"

हवालदार गोंधळला. "बाबा, देवाची पेटी आहे ना ती."

"म्हणून काय झालं? निवडणूक आहे! नेणारे असल्याच पेटीतून नेतात!"

मी मागून त्यांचा शर्ट ओढत होते. स्वतः जन्मभर जी पेटी उघडली नाही, ती दुसऱ्यानं उघडली नाही हे त्यांना सहन होईना. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं. काकींनी डोळे मिटून घेतले.

आता हवालदाराला चेव आला. फौजदार आले. जीपच्या बॉनेटवर एकेक देव काढून ठेवला गेला. खंडोबा, देवी, नाग, बाळकृष्ण. मग पंचा निघाला. पंचा सोडला तर कुंकवानं माखलेली काडतुसं. फौजदारांनी एक उचललं तर त्याचा पुठ्ठा फुगून बोटांतच फाटला. त्यांनी वास घेतला. "आजोबा, दारूगोळा आहे की आंबलेलं श्रीखंड?" सगळे शिपाई हसले. मी शपथेवर सांगते, बापूंचा चेहरा कायद्याच्या भीतीनं पडला नाही, त्या हसण्यानं पडला.

पण फौजदार हसायचे थांबले. "फुटो नाहीतर न फुटो, बिगरपरवाना आहे. गुन्हा आहे." मग त्यांनी विचारलं, "पेटी कुणाच्या मांडीवर होती?"

काकींना इथं ठेवून घेतलं असतं, तर ती पोर तिकडे एकटीच बाळंत झाली असती. काकींनी रिकाम्या पेटीचं झाकण घट्ट धरलं होतं.

"पेटी माझी," बापू म्हणाले. "मी ठेवली तिच्या मांडीवर. आत काय आहे ते तिला माहीत नव्हतं."

धडधडीत खोटं! बापूंच्या तोंडून मी ऐकलेलं एकमेव खोटं, आणि तेही किती सरळ चेहऱ्यानं बोलले. मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. फौजदारांनी काकींकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग म्हणाले, "आजोबांना थांबावं लागेल. जबाब, पंचनामा, उद्या कोर्ट. तुम्ही दोघी जा."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. माझ्या भावानं शिरपूरहून वकील नेला, जामीन झाला, केस रेंगाळत रेंगाळत दंडावर मिटली. काकी वेळेवर पोचल्या आणि सुनेच्या उशाशी बसल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बापू मागाहून गेले आणि तिकडचेच झाले. मला ते पुन्हा दिसले नाहीत. मला शेवटचे दिसले ते त्या कडुनिंबाखाली.

काकी त्यांच्यापाशी गेल्या. बीपीच्या गोळ्या, भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, "मी जाते. तुम्ही या मागून." मला वाटलं, आता बापू काही बोलतील. पण तोवर हवालदार मालाची पुरचुंडी बांधायला लागला होता आणि गाठ चुकीची मारत होता.

जीप निघाली. काकी ताठ बसल्या होत्या, मागं वळल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला मागं ठेवून निघायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "देखी राहिनात का इकडं?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. बापू टेबलाशी वाकले होते. भाकरीचं फडकं बाजूला पडलं होतं. त्यांनी हवालदाराच्या हातातून सुतळी काढून घेतली होती, मेणबत्तीवर लाख धरली होती आणि आपल्याच काडतुसांच्या पुरचुंडीवर सील कसं मारायचं ते त्याला शिकवत होते. जीपकडे त्यांची पाठ होती.

"हो," मी म्हणाले. "बघतायत की."

"खोटं नको बोलू व माय," काकी म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून ड्रायव्हरला म्हणाल्या, "चाल भाऊ, बिगीनं. मनी सून वाट देखी राहिनी व्हई."